शिळी सर्व्हर प्रक्रिया

शिळी सर्व्हर प्रक्रिया ही वेब ॲप्लिकेशनच्या डिप्लॉयमेंटनंतर उद्भवणारी एक सदोष स्थिती आहे. या स्थितीत नव्या आवृत्तीच्या फाइली सर्व्हरवर पोहोचलेल्या असतात, परंतु वापरकर्त्यांच्या विनंत्यांना उत्तर देणारी प्रक्रिया अर्थात प्रोसेस मात्र जुना कोड, जुने कॉन्फिगरेशन किंवा जुनी लायब्ररी मेमरीत धरून चालू राहते. संगणक व्यवसायात तिला 'स्टेल प्रोसेस' म्हणतात. दुरुस्त केलेली चूक संकेतस्थळावर तशीच दिसत राहणे, एकच पान कधी नवे तर कधी जुने दिसणे आणि नवा सर्व्हर सुरू करताना पोर्ट आधीच वापरात असल्याचा संदेश येणे, ही या स्थितीची परिचित लक्षणे आहेत.

डिस्कवर असलेला कोड आणि प्रत्यक्ष चालू असलेला कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या समस्येचे मूळ होय. त्यामुळे फाइलींची प्रत पोहोचली म्हणजे डिप्लॉयमेंट पूर्ण झाले असे होत नाही. जुन्या आवृत्तीची प्रत्येक प्रक्रिया थांबली आहे आणि तिच्या जागी नवी प्रक्रिया काम करीत आहे, याची खात्री झाल्यावरच ते पूर्ण झाले असे मानले जाते.

## संकल्पना

प्रोग्रॅम ही डिस्कवर साठवलेली फाइल असते, तर प्रक्रिया ही त्या प्रोग्रॅमची चालू अवस्था असते. प्रक्रिया सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या लायब्ररी मेमरीत आणते. पायथन, रुबी किंवा नोड.जेएस यांसारख्या वातावरणात एकदा वाचलेले मॉड्यूल प्रक्रियेच्या आयुष्यभर मेमरीतच राहते. तेच मॉड्यूल पुन्हा मागितले असता डिस्ककडे न जाता मेमरीतील प्रत दिली जाते. त्यामुळे चालू प्रक्रियेला डिस्कवरील फाइल बदलल्याचे आपोआप कळत नाही.

युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये याला आणखी एक कारण आहे. तेथे फाइलचे नाव आणि फाइलचा आशय या स्वतंत्र गोष्टी आहेत. आशयाची नोंद 'आयनोड' या रचनेत असते आणि नाव हा त्या आयनोडकडे नेणारा केवळ एक दुवा असतो. नवी फाइल त्याच नावाने ठेवली की नाव नव्या आयनोडकडे वळते. मात्र जुन्या प्रक्रियेने उघडून ठेवलेला जुना आयनोड, ती प्रक्रिया तो सोडेपर्यंत, डिस्कवर टिकून राहतो. अशी फाइल निर्देशिकेच्या यादीत दिसत नाही, पण जागा व्यापते. फाइली मोजून येणारी बेरीज आणि डिस्कवर वापरात असल्याचे दाखवले जाणारे प्रमाण यांत कधी कधी मोठी तफावत आढळते, त्यामागे हे एक कारण असते.

प्रक्रिया पूर्णपणे जुनी असेलच असेही नाही. काही मॉड्यूल सुरुवातीलाच वाचली जातात, तर काही प्रथम गरज पडेल तेव्हा. जुनी प्रक्रिया चालू असताना फाइली बदलल्या, तर आधी वाचलेली मॉड्यूल जुनी आणि नंतर वाचलेली मॉड्यूल नवी, अशी मिश्र अवस्था निर्माण होते. अशा प्रक्रियेतून येणाऱ्या चुका जुन्या आवृत्तीत आढळत नाहीत आणि नव्या आवृत्तीतही आढळत नाहीत. त्यामुळे विकासकाला त्या स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येत नाहीत.

## संबंधित संज्ञांपासून फरक

शिळ्या प्रक्रियेची पुढील स्थितींशी गल्लत होण्याचा संभव असतो:

* झोंबी प्रक्रिया – हिचे काम संपलेले असते. जनक प्रक्रियेने तिची अंतिम स्थिती वाचलेली नसल्याने प्रक्रियांच्या तक्त्यात तिची नोंद तेवढी उरते. ती पोर्ट धरून ठेवत नाही आणि विनंत्यांना उत्तरही देत नाही. ती आधीच संपलेली असल्यामुळे सिग्नल पाठवून ती नाहीशी होत नाही.
* अनाथ प्रक्रिया – हिची जनक प्रक्रिया आधी संपते आणि तिचे पालकत्व सामान्यतः प्रक्रिया क्रमांक १ कडे जाते. अनाथ प्रक्रिया शिळी असेलच असे नाही, परंतु अर्धवट झालेल्या रीस्टार्टमधून उरलेल्या शिळ्या प्रक्रिया बहुधा याच रूपात सापडतात.
* शिळी कॅश – सर्व्हर नवाच असतो, परंतु ब्राउझर, मधला प्रॉक्सी किंवा आशय वितरण जाळे जुने उत्तर साठवून तेच परत देते. लक्षण सारखे असले तरी उपाय वेगळा असल्यामुळे निदानात ही शक्यता प्रथम वगळावी लागते.

## पार्श्वभूमी

वेबच्या सुरुवातीच्या काळात ही समस्या फारशी नव्हती. १९९३ मध्ये पुढे आलेल्या कॉमन गेटवे इंटरफेस अर्थात सीजीआय या पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होई आणि उत्तर देऊन संपे. फाइल बदलली की पुढच्याच विनंतीला नवा कोड मिळे. मात्र दर वेळी प्रक्रिया सुरू करण्याचा खर्च मोठा असल्याने, एकदा सुरू होऊन हजारो विनंत्या हाताळणाऱ्या दीर्घजीवी प्रक्रियांची पद्धत रूढ झाली. वेग वाढला, पण कोड बदलणे आणि तो अमलात येणे या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या झाल्या.

पीएचपी भाषेत दर विनंतीला फाइल वाचण्याची जुनी सोय दीर्घकाळ टिकली. पुढे २०१३ मधील पीएचपी ५.५ सोबत ओपीकॅश हा घटक आला. तो भाषांतरित कोड मेमरीत ठेवतो. वेगासाठी फाइलींची वेळ तपासण्याची सोय त्यात बंद केली असेल, तर पीएचपीमध्येही फाइल बदलून भागत नाही. सेवा पुन्हा लोड करावी लागते किंवा ओपीकॅश रिकामी करावी लागते.

## कारणे

### रीस्टार्ट न होणे किंवा अपुरे होणे

सर्वांत साधे कारण म्हणजे रीस्टार्टची पायरी राहून जाणे. त्याहून फसवे कारण म्हणजे 'रीलोड' आणि 'रीस्टार्ट' यांतील फरक. एंजिनएक्सचा रीलोड नवे कॉन्फिगरेशन वाचतो, पण मुख्य प्रक्रियेचा प्रोग्रॅम बदलत नाही. पायथनसाठीच्या गनिकॉर्न सर्व्हरला सिगहप हा सिग्नल दिला की कामगार प्रक्रिया नव्याने सुरू होतात; तथापि ॲप्लिकेशन आधीच मुख्य प्रक्रियेत लोड करण्याचा 'प्रीलोड' पर्याय चालू असेल, तर नव्या कामगारांनाही जुनाच कोड मिळतो. फ्यूजन पॅसेंजर या सर्व्हरमध्ये रीस्टार्टची खूण म्हणून एका विशिष्ट फाइलची वेळ अद्ययावत करतात. ती खूण पुढची विनंती येईपर्यंत तपासली जात नाही.

सेवाव्यवस्थापकांबाबतही असेच घडते. सिस्टमडीमध्ये सेवेची व्याख्या असलेली फाइल बदलल्यावर आधी व्यवस्थापकाला ती पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी लागते. सुपरवायझर या साधनात केवळ रीस्टार्ट केल्याने बदललेले कॉन्फिगरेशन वाचले जात नाही. पर्यावरण चलांची मूल्ये प्रक्रियेला तिच्या जन्माच्या वेळी मिळतात, म्हणून फाइलमधील पासवर्ड किंवा पत्ता बदलला तरी चालू प्रक्रिया जुनेच मूल्य वापरत राहते.

### पीआयडी फाइलमधील चुकीची नोंद

अनेक सर्व्हर स्वतःचा प्रक्रिया क्रमांक एका लहान फाइलमध्ये लिहून ठेवतात. तिला पीआयडी फाइल म्हणतात. सर्व्हर अचानक बंद पडला तर ही फाइल तशीच उरते. मग नवा सर्व्हर 'आधीच चालू आहे' असे समजून सुरू होण्यास नकार देतो. याच्या उलट, फाइल चुकून पुसली गेली तर थांबवणाऱ्या आज्ञेला जुनी प्रक्रिया सापडत नाही आणि ती चालूच राहते. प्रक्रिया क्रमांक मर्यादित असल्याने काही काळाने पुन्हा वापरले जातात. त्यामुळे जुन्या नोंदीतील क्रमांक आता वेगळ्याच कामाच्या प्रक्रियेचा असू शकतो आणि तो न तपासता सिग्नल पाठवल्यास भलतीच सेवा बंद पडते.

### दोन व्यवस्थापक

एखाद्या संकटकाळी कोणी तरी सर्व्हर टर्मिनलवरून हाताने सुरू केलेला असतो आणि नंतर तो सेवाव्यवस्थापकाकडूनही सुरू केला जातो. व्यवस्थापक स्वतः सुरू केलेल्या प्रक्रियाच थांबवतो. हाताने सुरू केलेली प्रक्रिया त्याच्या हिशेबात नसते. ती पोर्ट धरून बसते, नवी प्रक्रिया पोर्ट न मिळाल्याने बंद पडते, आणि व्यवस्थापक तिला पुन्हा पुन्हा सुरू करीत राहतो. या साऱ्या काळात संकेतस्थळ चालू असल्यामुळे बिघाड लक्षात येत नाही.

लिनक्स ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून, एकच पोर्ट अनेक प्रक्रियांनी वाटून घेण्याची सोय उपलब्ध आहे. ती वापरणाऱ्या सर्व्हरमध्ये पोर्टाचा संघर्षही होत नाही. जुनी आणि नवी प्रक्रिया एकाच पोर्टावर शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि येणाऱ्या जोडण्या दोघींमध्ये विभागल्या जातात.

### संपण्यास लागणारा वेळ

सौम्य रीस्टार्टमध्ये जुन्या कामगार प्रक्रियेला हातातील काम संपवू दिले जाते. वेबसॉकेटसारख्या दीर्घकाळ उघड्या राहणाऱ्या जोडण्या असतील, तर हे काम तासन्‌तास संपत नाही. या अवस्थेतील एंजिनएक्सच्या कामगार प्रक्रियेच्या नावापुढे ती बंद होत असल्याची नोंद दिसते. युनिकॉर्न व एंजिनएक्समध्ये सिगयूएसआर२ हा सिग्नल दिल्यावर जुन्या मुख्य प्रक्रियेच्या बाजूला नवी मुख्य प्रक्रिया उभी राहते. त्यानंतर जुन्या प्रक्रियेला सिगक्विट पाठवण्याची पायरी राहिली, तर दोन्ही चालू राहतात.

### सांकेतिक दुवे

कॅपिस्ट्रानो आणि तिच्या धर्तीवरील साधने प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र निर्देशिकेत ठेवतात आणि 'करंट' नावाचा सांकेतिक दुवा नव्या निर्देशिकेकडे वळवतात. प्रक्रिया मात्र आपली कार्यनिर्देशिका सुरू होतानाच निश्चित करते. दुवा वळला तरी ती जुन्या निर्देशिकेतच राहते. काही डिप्लॉयमेंटनंतर जुन्या निर्देशिका पुसल्या जातात. त्या वेळी अशी प्रक्रिया फाइल सापडत नसल्याच्या चुका देऊ लागते. चूक मूळ डिप्लॉयमेंटनंतर बऱ्याच दिवसांनी उघड होत असल्याने तिचा संबंध त्या घटनेशी जोडणे अवघड जाते.

### पार्श्वभूमीतील कामगार

ईमेल पाठवणे, अहवाल तयार करणे, देयकांची नोंद करणे अशी कामे सेलरी किंवा साइडकिक यांसारख्या रांगव्यवस्थांमधील वेगळ्या प्रक्रिया करतात. वेब सर्व्हर रीस्टार्ट करताना त्या विसरल्या जाण्याचा संभव अधिक असतो. पान नवे दिसते, पण पानावरून सुरू झालेले काम जुन्या नियमांनी होते.

### कंटेनर

डॉकरसारख्या कंटेनर व्यवस्थेत कोड प्रतिमेचा भाग असल्यामुळे फाइली व प्रक्रिया यांची फारकत कमी होते, तरी समस्या संपत नाही. नवी प्रतिमा आणून जुनाच कंटेनर रीस्टार्ट केला, तर तो जुन्या प्रतिमेवरूनच सुरू होतो. नव्या प्रतिमेसाठी कंटेनर नव्याने निर्माण करावा लागतो. कंटेनरमधील पहिली प्रक्रिया शेल असेल, तर थांबण्याचा सिग्नल ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचत नाही असे होऊ शकते. अशा वेळी मुदत संपल्यावर कंटेनर सक्तीने बंद केला जातो. ही मुदत पूर्वनिर्धारितपणे डॉकरच्या लिनक्स कंटेनरसाठी १० सेकंद आणि कुबरनेटीसमध्ये ३० सेकंद असते.

## लक्षणे

| लक्षण | संभाव्य कारण | पहिली तपासणी |
|---|---|---|
| सर्वांना सतत जुनेच पान दिसते | रीस्टार्ट झालेला नाही किंवा कॅश शिळी आहे | सर्व्हरला थेट विनंती पाठवणे |
| कधी नवे, कधी जुने पान दिसते | काही कामगार किंवा काही सर्व्हर जुने | प्रत्येक प्रक्रियेची सुरू होण्याची वेळ |
| पोर्ट वापरात असल्याचा संदेश | जुनी प्रक्रिया पोर्ट धरून आहे | पोर्टाची मालकी |
| 'सर्व्हर आधीच चालू आहे' असा संदेश | पीआयडी फाइल शिळी | त्या क्रमांकाची प्रक्रिया |
| डेटाबेसमध्ये स्तंभ नसल्याची चूक अधूनमधून येते | जुना कोड, नवी डेटाबेस रचना | पार्श्वभूमीतील कामगार |
| काही दिवसांनी फाइल न सापडण्याची चूक | कार्यनिर्देशिका पुसली गेली | प्रक्रियेची कार्यनिर्देशिका |

## निदान

निदान करताना रीस्टार्टची घाई टाळण्याचा संकेत आहे. रीस्टार्टने लक्षण तात्पुरते जाते, पण जुनी प्रक्रिया कोणी, केव्हा व कशी सुरू केली याचा पुरावाही जातो आणि पुढील डिप्लॉयमेंटला तीच अडचण पुन्हा येते. सामान्यतः तपासणी पुढील क्रमाने करतात.

कॅश वगळणे. सर्व्हरवर जाऊन 'कर्ल' या साधनाने ॲप्लिकेशनच्या पोर्टावर थेट विनंती पाठवतात. उत्तर नवे असेल, तर दोष मधल्या कॅशमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर असण्याची शक्यता वाढते. जुने असेल, तर शोध याच सर्व्हरवर पुढे जातो.

एकदोनदा नवे उत्तर आले म्हणजे सर्व प्रक्रिया नव्या आहेत असे सिद्ध होत नाही. समजा आठ कामगारांपैकी एक जुना आहे आणि विनंत्या त्यांच्यात यदृच्छेने वाटल्या जातात. सलग ५ विनंत्यांना नवेच उत्तर मिळण्याची संभाव्यता सुमारे ५१ टक्के येते. १० विनंत्यांसाठी ती सुमारे २६ टक्के आणि २० विनंत्यांसाठी सुमारे ७ टक्के असते. म्हणजेच पान पाच वेळा ताजे करून पाहणाऱ्याला हा दोष न दिसण्याची शक्यता दिसण्याच्या शक्यतेइतकीच आहे. म्हणून विनंत्या पाठवून अंदाज बांधण्यापेक्षा प्रक्रियांची यादी पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते.

पोर्टाचा मालक शोधणे. लिनक्सवर 'एसएस' किंवा 'एलएसओएफ' या आज्ञांनी कोणत्या क्रमांकाची प्रक्रिया कोणत्या पोर्टावर ऐकत आहे हे समजते. इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रियांचे तपशील दिसण्यासाठी प्रशासकीय अधिकार लागतात. पोर्टावर कोणीही ऐकत नसताना पोर्ट वापरात असल्याचा संदेश आला, तर नुकत्याच बंद झालेल्या जोडण्यांची प्रतीक्षा-अवस्था हे कारण असू शकते. लिनक्सवर ती सुमारे ६० सेकंदांत संपते.

सुरू होण्याची वेळ पाहणे. 'पीएस' या आज्ञेने प्रत्येक प्रक्रिया केव्हा सुरू झाली हे कळते. डिप्लॉयमेंट दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी झाले असेल आणि एखादी प्रक्रिया सकाळी ९ पासून चालू असेल, तर तिने नवा कोड सुरुवातीपासून वाचलेला असणे शक्य नाही.

या कसोटीला एक महत्त्वाचा अपवाद आहे. प्रीलोड वापरणाऱ्या सर्व्हरमध्ये कामगार प्रक्रिया ही मुख्य प्रक्रियेची प्रत असते. सकाळच्या मुख्य प्रक्रियेने सायंकाळी नवा कामगार निर्माण केला, तर त्याची जन्मवेळ नवी दिसते, पण कोड सकाळचाच असतो. म्हणून कामगाराबरोबर त्याच्या जनक प्रक्रियेची वेळही पाहावी लागते. जनक क्रमांक पाहिल्याने प्रक्रिया सेवाव्यवस्थापकाच्या अखत्यारीत आहे की एखाद्या टर्मिनलवरून सुरू झाली होती, हेही उलगडते.

प्रक्रियेचा तपशील वाचणे. लिनक्समधील 'प्रॉक' निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेसाठी तिच्या क्रमांकाची एक उपनिर्देशिका असते. तीत चालू प्रोग्रॅमचा मार्ग, कार्यनिर्देशिका आणि जन्माच्या वेळी मिळालेली पर्यावरण चले दिसतात. प्रोग्रॅमची मूळ फाइल बदलली किंवा पुसली गेली असल्यास मार्गापुढे ती पुसल्याची खूण येते. कार्यनिर्देशिका जुन्या आवृत्तीची असणे हा सांकेतिक दुव्याच्या दोषाचा थेट पुरावा होय.

सर्व ठिकाणे मोजणे. भार विभागणाऱ्या यंत्रणेमागे अनेक सर्व्हर असतील, तर प्रत्येकावर हीच तपासणी करावी लागते. नियोजित वेळी चालणारी कामे आणि रांगेतील कामगार यांचाही त्यात समावेश असतो.

## निवारण

शिळी प्रक्रिया निश्चित झाल्यावर ती ज्या मार्गाने सुरू झाली असेल त्याच मार्गाने थांबवणे श्रेयस्कर असते. सेवाव्यवस्थापकाखालील प्रक्रिया थेट मारल्यास व्यवस्थापक तिला बिघाड समजून पुन्हा सुरू करू शकतो. तसेच केवळ कामगार प्रक्रिया मारली, तर जुनी मुख्य प्रक्रिया लगेच दुसरा, पण जुन्याच कोडचा कामगार निर्माण करते. थांबवण्याचा सिग्नल मुख्य प्रक्रियेला द्यावा लागतो.

व्यवस्थापकाबाहेरील प्रक्रियेला प्रथम सिगटर्म, म्हणजे क्रमांक १५ चा सिग्नल पाठवतात. हा सिग्नल प्रक्रियेला हातातील काम पूर्ण करण्याची, फाइली बंद करण्याची आणि पीआयडी फाइल पुसण्याची संधी देतो. ठरावीक काळ वाट पाहूनही ती संपली नाही, तरच सिगकिल, म्हणजे क्रमांक ९ चा सिग्नल वापरतात. सिगकिल प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाही. कर्नेल तिला थेट संपवते. त्यामुळे अर्धवट लिहिलेल्या फाइली, अपूर्ण राहिलेली कामे आणि अनाथ उपप्रक्रिया मागे राहू शकतात. कर्नेलच्या पातळीवर डिस्क किंवा जाळ्याची अखंडनीय वाट पाहत असलेली प्रक्रिया सिगकिलनेही तत्काळ संपत नाही.

नावावरून सर्व प्रक्रिया मारणाऱ्या आज्ञा धोकादायक मानल्या जातात. एकाच सर्व्हरवर पायथनची अनेक ॲप्लिकेशने असतील, तर 'पायथन' नावाच्या सर्व प्रक्रिया थांबवल्याने दोष नसलेल्या सेवाही बंद पडतात. पीआयडी फाइल पुसण्यापूर्वी तीतील क्रमांकाची प्रक्रिया खरोखर अस्तित्वात नाही, किंवा ती वेगळ्याच प्रोग्रॅमची आहे, हे तपासतात.

विद्यार्थ्यांच्या व विकासकांच्या संगणकावर याचे एक साधे रूप वारंवार दिसते. चालू सर्व्हर थांबवण्यासाठी कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-झेड दाबले जाते. त्यामुळे प्रक्रिया संपत नाही, फक्त स्थगित होते आणि पोर्ट तिच्याच ताब्यात राहतो. ब्राउझर उत्तराची वाट पाहत राहतो व नवा सर्व्हर पोर्ट न मिळाल्याने सुरू होत नाही. अशा प्रक्रियेला पाठवलेला सिगटर्म ती पुन्हा चालू होईपर्यंत प्रलंबित राहतो. शेलमध्ये 'एफजी' या आज्ञेने तिला पुढे आणून कंट्रोल-सीने थांबवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

## प्रतिबंध

प्रतिबंधासाठी पुढील पद्धती रूढ आहेत:

* आवृत्तीची ओळख. ॲप्लिकेशन सुरू होतानाच आपल्या कोडचा आवृत्ती-क्रमांक मेमरीत नोंदवते आणि तपासणीच्या एका ठरावीक पत्त्यावर तो सांगते. हा क्रमांक विनंतीच्या वेळी डिस्कवरून वाचला, तर जुनी प्रक्रियाही नवा क्रमांक सांगेल आणि तपासणी निरर्थक ठरेल.
* एकच व्यवस्थापक. प्रत्येक सेवा एकाच व्यवस्थापकाकडून सुरू व बंद होते. सिस्टमडी पूर्वनिर्धारित व्यवस्थेत सेवेच्या नियंत्रण गटातील सर्व उपप्रक्रिया थांबवते. थांबण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ९० सेकंद असते.
* संपण्याची कमाल मुदत. जुन्या कामगारांना काम संपवण्यासाठी निश्चित काळ दिला जातो व त्यानंतर ते बंद केले जातात.
* डिप्लॉयमेंटच्या शेवटी पडताळणी. डिप्लॉयमेंटपूर्वी सुरू झालेली एकही प्रक्रिया उरली नाही हे आज्ञावली स्वतः तपासते. एकही उरली असल्यास डिप्लॉयमेंट अयशस्वी ठरवते.
* निळी-हिरवी पद्धत. नवी आवृत्ती स्वतंत्र संचावर उभी करून तपासली जाते, मग सर्व वाहतूक तिकडे वळवून जुना संच बंद केला जातो.
* टप्प्याटप्प्याने डेटाबेस बदल. सौम्य रीस्टार्टमध्ये जुना व नवा कोड काही काळ एकत्र चालणे अटळ असते. म्हणून आधी नवा स्तंभ जोडणे, मग कोड बदलणे आणि जुन्या प्रक्रिया संपल्याची खात्री झाल्यावरच जुना स्तंभ काढणे, असा क्रम पाळतात.

## उल्लेखनीय घटना

### हार्टब्लीड

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर सुरक्षा दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोषामुळे सर्व्हरच्या मेमरीतील गुप्त माहिती बाहेरून वाचता येत असे. लायब्ररीची नवी आवृत्ती स्थापित केल्यानंतरही आधीपासून चालू असलेले वेब व ईमेल सर्व्हर मेमरीतील जुनी लायब्ररीच वापरत असल्याने, ते रीस्टार्ट होईपर्यंत असुरक्षितच राहत. पॅकेजची यादी सर्व्हर दुरुस्त झाल्याचे दाखवी, चालू प्रक्रिया मात्र तशीच असे. जुन्या लायब्ररी वापरणाऱ्या प्रक्रिया शोधण्यासाठी डेबियन प्रणालीत 'चेकरीस्टार्ट' व 'नीडरीस्टार्ट' ही साधने उपलब्ध आहेत.

### नाईट कॅपिटल

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाईट कॅपिटल या रोखे व्यवहार कंपनीला झालेले नुकसान काटेकोर अर्थाने शिळ्या प्रक्रियेचे नाही, कारण तेथे एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नव्हता. परंतु काही सर्व्हर नवे आणि एक जुना अशा अवस्थेचे परिणाम किती गंभीर असू शकतात, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या ऑक्टोबर २०१३ मधील आदेशानुसार, कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड ठेवण्याचे योजले होते. त्यांपैकी एकावर तो ठेवला गेला नाही आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासले नाही. नव्या कोडमध्ये एका जुन्या खुणेचा नव्या कामासाठी पुनर्वापर केला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेने २००३ पासून वापरात नसलेले 'पॉवर पेग' हे कार्य जागे झाले. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत १५४ समभागांमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने या चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते धोक्याचा इशारा म्हणून पाहिले गेले नाहीत.

दुरुस्तीच्या प्रयत्नात कंपनीने योग्य रीतीने अद्ययावत झालेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. त्यामुळे तेच जुने कार्य त्या सातही सर्व्हरवर सुरू झाले व परिस्थिती अधिक बिघडली. कोणत्या सर्व्हरवर नेमका कोणता कोड चालू आहे हे निश्चित होण्यापूर्वीच बदल केला गेला होता. आयोगाने कंपनीवर १ कोटी २० लाख डॉलरची आर्थिक शिक्षा लादली. २०१३ मध्ये कंपनीचे गेटको या कंपनीशी विलीनीकरण झाले.

## हे सुद्धा पहा

* ऑपरेटिंग सिस्टिम
* लिनक्स
* वेब सर्व्हर
* डॉकर
* हार्टब्लीड